मुलगी म्हणते, कॅब्रेराचा एमव्हीपी चुकलाच!

पत्र:

ताई, नमस्कार. तुमच्या सदरात लोक सासू-सुनांचं, फ्लॅटच्या वाटणीचं लिहितात, माझा प्रश्न बेसबॉलचा आहे, हसू नका. १९८७ च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला डेट्रॉइटला आलो. खिशात पैसे नव्हते, रूमवर एक जुना रेडिओ होता, त्यावर अर्नी हारवेलची कॉमेंट्री ऐकून बेसबॉल शिकलो आणि अर्धं इंग्लिशसुद्धा. त्याच वर्षी डेट्रॉइटच्या टायगर्सनी शेवटच्या वीकेंडला टोरांटोला तिन्ही मॅच हरवून डिव्हिजन (आपला गट) जिंकली, आणि तरी एमव्हीपी, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस, आमच्या अ‍ॅलन ट्रॅमेलला न देता टोरांटोच्या जॉर्ज बेलला दिला, तो राग अजून गेलेला नाही. पुढे मुलगी झाली, ती सहा वर्षांची असल्यापासून आम्ही दोघं मॅचला जातो. २०१२ ला आमच्या मिगेल कॅब्रेराने ट्रिपल क्राऊन मारला, म्हणजे अ‍ॅव्हरेज, होमरन आणि आरबीआय (आपल्या फटक्यावर आलेले रन) या तिन्हीत लीगमध्ये पहिला आला, तेव्हा ती ११ ची होती, माझ्या खांद्यावर बसण्याइतकी लहान नव्हती तरी बसली होती.

आता ती २४ ची आहे, स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स केलंय. मागच्या थँक्सगिव्हिंगला सगळ्यांसमोर म्हणाली, बाबा, २०१२ चा एमव्हीपी एंजल्सच्या माइक ट्राउटचा होता, कॅब्रेराला देणं चूक होतं, आणि आरबीआय हा काय स्टॅट आहे का, नुसता योगायोग. मी ताटावरून उठलो. त्यानंतरचा अख्खा सीझन मी खाली बेसमेंटमध्ये एकटाच बघितला. ज्यांनी आयुष्यात बॅट हातात धरली नाही ते कम्प्युटरवर बसून आम्हाला खेळ शिकवणार? खेळाडूची किंमत एका आकड्यात सांगणारं हे वॉर थोतांड आहे की नाही ते सांगा, आणि हिला कसं समजावू तेही सांगा.
बेसमेंटमधला बाबा, मिशिगन

उत्तर:

अहो बाबा, हसले नाही, शपथ. उलट पत्र दोनदा वाचलं. माझे वडील मुंबईत कांगा लीगच्या मॅचचे स्कोअरर होते, पावसात, चिखलात, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत वही, आणि मी शेजारी. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे २००१ ते २००९ बॉस्टनजवळ राहिलो तेव्हा बेसबॉल अंगात भिनला, म्हणजे आकड्यांचं वेड आधीपासूनच होतं, खेळ नंतर मिळाला. त्यामुळे मी तटस्थ आहे असं काही मी म्हणणार नाही.

आधी वाईट बातमी. मुलीचं बरोबर आहे. सगळं नाही, पण २०१२ बद्दल बऱ्यापैकी बरोबर आहे. कॅब्रेरा .३३० अ‍ॅव्हरेज (म्हणजे हजार संधींत ३३० हिट), ४४ होमरन, १३९ आरबीआय, १९६७ च्या कार्ल यास्ट्रेम्स्कीनंतर पहिला ट्रिपल क्राऊन, सगळं मान्य, मी पण टाळ्या वाजवल्या होत्या. पण ट्राउट बघा ना, वीस वर्षांचं पोर, एप्रिल संपता संपता वर बोलावलं, म्हणजे जवळजवळ महिनाभराचे सामने हातातून गेलेले, तरी .३२६, ३० होमरन, ४९ बेस चोरले, १२९ रन, आणि वर सेंटर फील्डमध्ये भिंतीवर चढून दुसऱ्यांचे होमरन खेचून आणत होता. तुम्ही म्हणाल टायगर्स प्लेऑफला गेले, एंजल्स नाही गेले. हो, पण त्या वर्षी टायगर्सनी ८८ मॅच जिंकल्या आणि एंजल्सनी ८९! डिव्हिजन वेगळी म्हणून ते घरी बसले. आणि ट्राउट यायच्या आधी ते ६ जिंकून १४ हरले होते. शेवटी पत्रकारांची पहिल्या क्रमांकाची २८ मतं होती त्यातली २२ कॅब्रेराला पडली, सहा ट्राउटला.

आता ते वॉर, म्हणजे विन्स अबव्ह रिप्लेसमेंट. थोतांड नाहीये. तुमच्याकडे मिशिगनमध्ये नसेल पण आमच्या सोसायटीत बदलीची बाई हा प्रकार असतो. नेहमीच्या मावशी गावी गेल्या की महिनाभरासाठी कोणीतरी बदली येते, ती पण भांडी घासते, केर काढते, घर काही बुडत नाही. मग नेहमीच्या मावशींची किंमत काय? तर त्या बदलीपेक्षा जेवढं जास्त करतात तेवढी. वॉर हेच मोजतो, हा खेळाडू नसता आणि खालच्या लीगमधून कोणीही सहज मिळणारा बदली उभा केला असता तर टीम किती मॅच कमी जिंकली असती. बॅटिंग, पळणं, फील्डिंग, कुठल्या जागेवर खेळतो, कुठल्या मैदानावर खेळतो, सगळं त्यात. हा मैदानाचा मुद्दा मला समजवायला कोणाची गरज पडली नाही, कारण ओल्या विकेटवरच्या २७ रनांपुढे वडील वहीत बारीक चांदणी काढायचे, त्यांच्या लेखी ते कोरड्या विकेटवरच्या शतकाच्या वरचे. त्यांना कोणी अ‍ॅडजस्टमेंट हा शब्द शिकवला नव्हता.

तर या हिशोबात ट्राउट दहाच्या वर येतो आणि कॅब्रेरा सातच्या आसपास. तुमची एक शंका मात्र खरी आहे आणि ती तुम्ही मुलीला जरूर विचारा. वॉर हा आकडा एकच नाही, बेसबॉल-रेफरन्स या साइटचा वेगळा, फॅनग्राफ्स या साइटचा वेगळा, पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) बाबतीत तर दोघांचं कधी कधी अजिबात जुळत नाही कारण एक बघतो किती रन गेले आणि दुसरा बघतो स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), वॉक (चार वाईट बॉल सोडून फुकट मिळालेला बेस) नि होमरन. आणि फील्डिंगचा एका सीझनचा आकडा म्हणजे अंदाजपंचे नसला तरी बराच डळमळीत. त्यामुळे कोणी ५.८ आणि ५.३ घेऊन भांडत असेल तर त्याला चहा पाजून घरी पाठवावं. पण दहा आणि सात यात डळमळीतपणा कितीही धरला तरी फरक उरतोच, आणि तो दोन्ही साइटवर उरतो. कॅब्रेरा त्या वर्षी प्रिन्स फील्डरला जागा करून द्यायला फर्स्ट बेसवरून थर्ड बेसवर गेला हा त्याचा मोठेपणा होता, मला त्याचं कौतुक आहे, पण तिथे तो फील्डिंग कशी करायचा ते तुम्हीच बघितलंय, माझ्याकडून वदवून घेऊ नका.

आणि आता तुमच्याच पत्रातली मजा. १९८७. तुम्ही नवीन, रेडिओ नवीन, आणि ट्रॅमेलवर अन्याय झाला म्हणून तुम्ही आजतागायत धुमसताय. का झाला हो अन्याय? ट्रॅमेलचे आकडे होते .३४३, २८ होमरन, १०५ आरबीआय. बेलचे ४७ होमरन आणि १३४ आरबीआय. पत्रकारांनी कॉलम बघितले, होमरन मोठे, आरबीआय मोठे, दिलं बक्षीस. मतदानातले गुण पण काठावरचे, ३३२ विरुद्ध ३११. आणि तेव्हा तुम्ही, रूमवर बसून, ज्याला वॉर हा शब्द पण ठाऊक नव्हता, काय म्हणत होतात मी सांगते. म्हणत होतात, अरे पण ट्रॅमेल शॉर्टस्टॉप आहे, सगळ्यात अवघड जागा खेळून वर बॅटिंगही करतो, बेल तर लेफ्ट फील्डला उभा असतो. म्हणत होतात, अ‍ॅव्हरेज बघा, वॉक बघा, पळणं बघा. हेच म्हणत होतात ना? अहो मग हीच तर तुमच्या मुलीची केस आहे! सेंटर फील्ड विरुद्ध थर्ड बेस, पळणं, सगळा खेळ बघा, नुसते आरबीआय मोजू नका. आजच्या वॉरमध्ये त्या वर्षीचा ट्रॅमेल आठच्या वर आहे आणि बेल पाचच्या आसपास. म्हणजे ज्या आरबीआयने १९८७ ला तुमच्या माणसाचं बक्षीस नेलं त्याच आरबीआयने २०१२ ला तुमच्या माणसाला आणून दिलं, आणि तुम्ही एकाला चोर म्हणताय आणि दुसऱ्याला साव.

आरबीआय योगायोग असं मी म्हणणार नाही, ते जेवणाच्या टेबलावरचं बोलणं झालं. पण त्यात पुढच्यांची मेहनत असतेच. ऑस्टिन जॅक्सन पहिला जाऊन बेसवर उभा राहायचा तेव्हा कॅब्रेराला कोणाला तरी घरी आणता यायचं. ट्राउट स्वतःच पहिला जायचा, त्याच्या पुढे इनिंगच्या सुरुवातीला कोण असणार, हवा? ८३ आरबीआय त्यातून काढले त्याने. आपल्याकडे नाही का, पहिल्या सूनबाई पहाटे उठून सगळी तयारी करणार आणि फोडणी देणाऱ्या दुसरीचं नाव होणार.

आणि हो, आरबीआय, अ‍ॅव्हरेज ही काही देवाने दिलेली नाहीत बरं का. आरबीआय अधिकृत झाला १९२० साली. त्याच्या आधीची गोष्ट तर अजून भारी, बॉक्स स्कोअर (मॅचचा आकड्यांचा तक्ता) ज्याने रुजवला तो हेन्री चॅडविक, इंग्लंडमध्ये जन्मलेला, ब्रुकलिनला वाढलेला आणि आधी क्रिकेटचा रिपोर्टर! त्याने बेसबॉलमध्ये हिशोबाची शिस्त आणली ती क्रिकेट डोक्यात ठेवून. वॉक मिळाला तर ती पिचरची चूक, वाइडसारखी, बॅट्समनच्या खात्यात कशाला टाकायची, असा त्याचा विचार. म्हणून बॅटिंग अ‍ॅव्हरेजमधून वॉक जे गेले ते गेलेच, मध्ये १८८७ ला एक वर्ष वॉकला हिट धरून बघितलं तेव्हा सगळ्यांची अ‍ॅव्हरेज आकाशाला भिडली नि घाबरून बंद केलं. म्हणजे डोळा टिपून ठेवून वाईट बॉल सोडणं हे कौशल्य आहे हे जुन्या आकड्यांना शंभर वर्षं दिसलंच नाही. जुने आकडे पण कोणीतरी वही घेऊन बसलेल्यानेच काढलेत, फक्त ते तुमच्या रेडिओवर लागायचे म्हणून तुम्हाला घरचे वाटतात.

त्यात तुमचं ते बॅट हातात न धरलेले वगैरे. बिल जेम्स हा माणूस कॅन्ससमध्ये पोर्क अँड बीन्सच्या कारखान्यात रात्रपाळीचा वॉचमन होता, पहारा देता देता बॉक्स स्कोअर पाठ करायचा, १९७७ ला स्वतःच्या खर्चाने पहिलं पुस्तक छापलं. कोणी विचारलं नाही. २००२ च्या शेवटी बॉस्टनच्या रेड सॉक्सनी त्याला नोकरीला घेतलं आणि २००४ ला आम्ही, सॉरी, त्यांनी १९१८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकली. सगळं श्रेय त्याचं नव्हे, पैसा पण ओतला होता. पण प्रश्न असा की तुम्ही तरी कुठे बॅट धरली होती हो? तुम्ही पण रेडिओसमोर बसून खेळ शिकलेले, तो कारखान्यात बसून शिकलेला. एकाच गावचे तुम्ही.

आता तुमच्या बाजूने बोलते, नाहीतर म्हणाल ताई पण फितूर. शंका घेणारे सगळे जुनाट असतात असं अजिबात नाही. २०२० ची वर्ल्ड सिरीज आठवा, सहावी मॅच, टँपा बेचा ब्लेक स्नेल असा पिचिंग करत होता की डॉजर्सचे पहिले तीन बॅटर दोन-दोनदा आले आणि सहाच्या सहा वेळा स्ट्राइकआउट. १-० ने पुढे, ७३ पिच फक्त. आणि मॅनेजरने उचलला, का तर बॅटर तिसऱ्यांदा समोर आला की पिचर मार खातो असं आकडे सांगतात. आकडे खोटे नाहीत, सरासरीला तसंच होतं. पण समोर त्या दिवशी सरासरी उभी नव्हती, स्नेल उभा होता. पुढच्याने येऊन मार खाल्ला, ३-१ ने गेली मॅच आणि सिरीज पण. ते बघून मी इथे पुण्यात बसून उशी फेकली.

पण मग मला २००३ पण आठवतं ना. बॉस्टन, यांकीजविरुद्धची सातवी मॅच, आठव्या इनिंगला ५-२ ने पुढे, पेड्रो मार्टिनेझ दमलाय हे आमच्या शेजारच्या आजीला पण दिसत होतं, शंभर पिचच्या पुढे तो ढेपाळतो हे कागदावर लिहिलेलं होतं, आणि मॅनेजर ग्रेडी लिटल मैदानात गेला, पेड्रोच्या डोळ्यात बघितलं आणि त्याला ठेवून परत आला. मनाचा कौल! तीन रन गेले, बरोबरी, अकराव्या इनिंगला आरन बूनचा होमरन आणि संपलं. शेजारच्यांनी टीव्हीवर बूट फेकला, खरंच. तर एकदा मनाने घात केला आणि एकदा आकड्यांनी, हिशोब कुठे लावायचा ते तुम्हीच बघा.

दुसरी तुमची खरी तक्रार तुम्ही पत्रात लिहिलीच नाहीये पण मला ती ओळींच्या मधून दिसते, की खेळ बघायला मजा राहिली नाही. ते खरंय. आकड्यांनी शोधून काढलं की स्ट्राइकआउट झाला तरी बिघडत नाही, होमरन मारा, आणि पिचरनी शोधलं की स्ट्राइकआउटच सगळ्यात बरा, मग २०१८ ला इतिहासात पहिल्यांदा अख्ख्या सीझनमध्ये हिटपेक्षा स्ट्राइकआउट जास्त झाले. बाकीचे सात-आठ जण नुसते उभे. त्यात ती शिफ्ट, सगळे फील्डर एका बाजूला सरकवून ठेवायचे, शेवटी २०२३ ला नियम करून बंद करावी लागली आणि पिचरला वेळेची मर्यादा घालणारं पिच क्लॉक आणावं लागलं, तेव्हा कुठे मॅच तीन तासांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आली. जिंकायला जे बरोबर ते बघायला बरोबर असेलच असं नाही, आणि हे म्हणण्याचा तुम्हाला तिकीट काढलेला माणूस म्हणून पूर्ण हक्क आहे. फक्त त्याचा राग ट्राउटवर काढू नका, तो बिचारा तर पळायचा, उड्या मारायचा, तुमच्या जुन्या बेसबॉलमधलाच होता.

मुलीचं काय चुकलं तेही सांगते, हे तिला वाचायला दिलंत तरी चालेल. बाळ, नवीन काही शिकलेल्या माणसाला ते लगेच सगळ्यांच्या ताटात वाढायची घाई असते, मला पण होती, मी वडिलांना एकदा सगळ्यांसमोर त्यांच्या वहीतली बेरीज चुकली म्हणून दाखवली होती. बेरीज चुकलीच होती. ते काही बोलले नाहीत, पुढच्या रविवारी मला न घेता गेले. तुझे बाबा २०१२ म्हणतात तेव्हा त्यांना मतमोजणी आठवत नसते गं, त्यांना खांद्यावरचं तुझं वजन आठवत असतं. तू ते चूक होतं म्हणालीस.

तर बाबा, समजावण्याचं सोडा, तिला समजलेलंच आहे. तिला काम द्या. लू विटेकर. नाव वाचूनच तुमचा चेहरा कसा झाला असेल मला दिसतंय. ट्रॅमेलच्या शेजारी एकोणीस वर्षं सेकंड बेस, १९८५ च्या ऑल-स्टार गेमला जर्सी आणायला विसरला म्हणून स्टेडियममध्ये चाहत्यांसाठीची बिननंबरची जर्सी विकत घेऊन त्यावर मार्करने १ हा आपला नंबर काढून खेळला तो वेडा माणूस. २००१ ला हॉल ऑफ फेमच्या (बेसबॉलच्या मानाच्या दालनाच्या) मतदानात त्याला २.९ टक्के मतं पडली, पाच टक्के लागतात, पहिल्याच वर्षी यादीतून बाहेर. ट्रॅमेल आणि त्यांचा पिचर जॅक मॉरिस दोघं उशिरा का होईना २०१८ ला आत गेले, विटेकर बाहेरच. का? तर कधी .३४० मारलं नाही, कधी १३० आरबीआय नाहीत, सगळं थोडं थोडं छान, आणि जवळजवळ बाराशे वॉक जे चॅडविकच्या वहीत बसतच नाहीत. आणि अख्ख्या कारकिर्दीचा बेसबॉल-रेफरन्सचा वॉर काय म्हणतो? पंचाहत्तरच्या आसपास. डेरेक जीटर, तुमच्याच कॅलमझूत वाढलेला, ज्याला ३९७ पैकी ३९६ मतं पडली, तो एकाहत्तर-बाहत्तर!

म्हणजे तुमच्या विटेकरचा सगळ्यात हुशार वकील हाच, ज्याला तुम्ही थोतांड म्हणताय. आणि तुमच्या घरात त्या वॉरची भाषा बोलणारी एक पोरगी आहे. तिला म्हणा, मला कॅब्रेराबद्दल बोलायचं नाही, मला विटेकरची केस लिहून दे, आकडे तू घाल, बाकीचं मी सांगतो, डबल प्ले वळवताना तो कसा हवेत असायचा ते मला आठवतं, ते तुझ्या कुठल्याच साइटवर नाही, कारण बॉल किती वेगाने सुटला ते मोजणारे कॅमेरे सगळ्या मैदानांवर आले २०१५ ला आणि विटेकर खेळायचं थांबला १९९५ ला. तिथे तिला तुमची गरज लागेल.

आणि १९८७ ची गोष्ट तिला सांगा. रेडिओ, रूम, शेवटचा वीकेंड, १-० ची मॅच, आणि मग बेलला गेलेलं बक्षीस. माझी खात्री आहे की तिला ती माहीत नाही, आपण मुलांना जिंकलेल्या गोष्टी सांगतो. ऐकून ती लॅपटॉप उघडेल आणि म्हणेल, बाबा, यू वेअर रॉब्ड. त्यावर तुम्ही २०१२ चा विषय काढू नका, तीच काढेल, तेव्हा उठून जाऊ नका म्हणजे झालं.

बेसमेंटमधला टीव्ही वर आणा. आणि विटेकरचं लिहून झालं की मला पण पाठवा, मराठीत असलं तरी चालेल, नाहीतर तिलाच लिहू द्या, चुका मी काढते.